कुसाबाई स्टॉप

सिटी बसचा कंडक्टर "चला, कुसाबाईवाले पुढे या" म्हणाला, की कुसाबाई पदर सावरून खिडकीबाहेर बघत बसायची. चार-सहा माणसं उतरायची. दार उघडल्याबरोबर वास आत शिरायचा. कुणी नाकाला रुमाल लावायचं, कुणी म्हणायचं, "आज कुसाबाई जास्तच उठलीय." बस हलली की सगळे पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायचे. कुसाबाई पुढच्या स्टॉपवर उतरायची आणि दुखरे गुडघे सांभाळत तेवढाच रस्ता मागे चालत यायची. तिचं घर कुसाबाई स्टॉपच्या अगदी समोर होतं, पण आपल्याच नावाच्या घाणीत पाय टाकून खाली उतरायचं तिला मान्य नव्हतं.

ज्या बाईवरून स्टॉपला नाव पडलं ती अजून जिवंत आहे आणि आपल्या शेजारच्या सीटवर पिशवी मांडीत घेऊन बसली आहे, हे बसमधल्या कुणालाच ठाऊक नसायचं. नावं मेलेल्या माणसांची असतात, अशीच लोकांची समजूत असते.

स्टॉपला लागून पुलाखालून नाला जायचा, त्याच्याबद्दल जेवताना बोलू नये. वरच्या अंगाला चिकनची दुकानं होती. तिथली पिसं आणि आतडी बांधलेल्या पिशव्या रोज संध्याकाळी पुलावरून खाली पडायच्या आणि पडताना फुटायच्या. मंगल कार्यालयातला आंबलेला भात पांढऱ्या सायीसारखा काठाला चिकटून राहायचा. लहान मुलांचे डायपर पाणी पिऊन उशीएवढे फुगायचे, डुकरं ते फाडायची. पाणी वाहायचं म्हणण्यापेक्षा सरकायचं. आणि हे सगळं कुसाबाईच्या नावानं. तिची सून स्नेहल फोनवर पार्सलवाल्याला पत्ता सांगायची, "कुसाबाईला वळा, वास यायला लागला की डाव्या हाताची बिल्डिंग." मग सासू समोरच बसलेली दिसली की जीभ चावायची. कुसाबाईच्या तोंडातला घास तिथंच फिरत राहायचा.

कुसाबाई मूळची बागलाणातल्या नामपूरची. तिची आई गावभर गोधड्या शिवायची. तिकडे घटस्थापनेच्या आधी घरातली प्रत्येक गोधडी, प्रत्येक वाकळ धुऊन निघालीच पाहिजे; वर्षभराच्या घामाची अंथरुणं घरात ठेवून देव बसवायचा नाही. त्या दिवसांत मोसम नदीचा काठ रंगीबेरंगी होऊन जायचा. मुलीनं आईकडून दोन गोष्टी उचलल्या. एक, गोधडीला दोरा भरण्याचा हात. दुसरी, घाणीचा तिटकारा. भाकरीवर माशी बसली तर ती भाकरी गाईला जायची. पाण्याच्या हंड्यात कुणी बोट बुडवलं की सगळा हंडा ओतला जायचा, मग विहीर कितीही लांब असो.

लग्नानंतर नवरा भिका तिला नाशिकला घेऊन आला. भिका गवंडी होता. कारखान्यांच्या शेडची कामं निघाली होती आणि इंदिरानगरच्या पुढे तेव्हा नुसतं माळरान होतं. माळावर एक ओहळ होता. त्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं, ओहळ म्हटलं की भागायचं. पाणी इतकं नितळ, की तळचे खडे दिसायचे. ओहळाच्या काठी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, त्यातली एक यांची.

पहिल्याच वर्षी नवरात्र जवळ आलं आणि गोधड्या कुठं धुवायच्या हा प्रश्न पडला. गोदावरी लांब. ओहळात पाणी होतं, पण आपटायला दगड नव्हता. वरच्या बाजूला पाथरवटांनी चीर निघाली म्हणून टाकून दिलेला एक लांबट काळा दगड गवतात पडला होता. भिकानं दोन माणसं बोलावली, पहार लावली आणि दुपारभर खपून तो दगड पाण्याच्या कडेला उतरता बसवला. पहार निसटली तेव्हा एका कोपऱ्याचा टवका उडाला. भिका म्हणाला, "झाला तुझा पाट. आता धू गावभराचं."

आणि खरंच गावभराच्या बाया आल्या. आधी मजुरांच्या, मग मळ्यांतल्या, मग वडाळ्याकडून बिलकिस. बिलकिसच्या घरी रमजानआधी अंथरुणं धुवायचे, कुसाबाईच्या घरी नवरात्राआधी, पण दोघींचा हात सारखा होता आणि जीभही. दगड कुसाबाईचा, म्हणून कायदा कुसाबाईचा. बाळोती दगडाच्या खालच्या अंगाला धुवायची, वर नाही. भांडी घासायची नाहीत. ढोरं वरच्या बाजूला पाण्यात घालायची नाहीत. पाण्यात कुणी थुंकलं तर त्या बाईला ओंजळीनं पाणी काढून बाहेर टाकायला लावलं जायचं. एका नव्या सुनेनं मिशरी लावून चूळ टाकली तेव्हा कुसाबाईनं तिची ओली गोधडी उचलून काठावर फेकली होती. बाया आपसांत म्हणायच्या, "इथं नको गं, कुसाबाई ओरडेल." मग "कुसाबाईकडं चालले" असं म्हणायला लागल्या. मग नुसतं "कुसाबाईला."

त्या भागातली सगळी नावं अशीच पडलेली. सायकलवरून दूध नेणारा झिपरू एका वळणावर किटल्यांसकट आडवा झाला, तेव्हापासून ते झिपरूचं वळण. यादव नावाच्या माळ्यानं खणलेल्या विहिरीला पाणीच लागलं नाही, लोकांनी हसून हसून तिला यादवची विहीर नाव पाडलं. आज विहीर बुजली, वर यादव चौक आहे आणि चौकातल्या लोकांना यादव म्हणजे श्रीकृष्णाचे यादव वाटतात. नाशकाची ही जुनी सवय. इथं कुठल्याही दगडाला दोन पिढ्या झाल्या, की त्याच्यावर सीतामाई बसून गेलेली असते.

माळावर प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले, बंगले पाडून बिल्डिंगा. नळ आले, धुण्याची मशिनं आली. दगडाकडे जाणारी एकेक बाई कमी झाली. ओहळाला लोक नाला म्हणायला लागले आणि एकदा नाला म्हटल्यावर त्यात काय टाकायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. भिका वारला. मुलगा गोरक्ष शिकून कारखान्यात स्टोअरकीपर झाला आणि मजुरांच्या खोल्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यानं फ्लॅट घेतला. पुढे सोसायटीचा चेअरमनही झाला. कुसाबाई गॅलरीत बसून गोधड्यांना दोरे भरायची. खाली बघायची नाही.

या वर्षी गणपती बुडाले आणि पुलाच्या कडेला एक देवी उभी राहिली.

मोबाईलचं दुकान चालवणारा रोहित आणि त्याच्या मंडळाची पोरं यांनी ती बसवली. हेतू वाईट नव्हता. भिंतीवर कुणी लघवीला उभं राहू नये म्हणून लोक देवांच्या फरशा लावतात, तसंच हे. नाल्यात कचरा पडू नये म्हणून त्यांनी चिखलातून एक काळा दगड उपसला, उभा केला, त्याला शेंदूर फासला, चांदीचे डोळे लावले आणि वर ट्यूबलाईट लावली. नाव काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. स्टॉपचं नाव होतंच. श्री कुसाई माता. आठ दिवस खरोखर कुणी कचरा टाकला नाही. नवव्या दिवशी निर्माल्याची पिशवी आली, कारण निर्माल्य म्हणजे काही कचरा नव्हे. मग फुटक्या काचेच्या तसबिरी आल्या, मग भंगलेल्या मूर्ती, मेलेल्या माणसांच्या गाद्या, उताऱ्याची लिंबं, कोहळा, काळ्या बाहुल्या. ते सगळं देवीच्या पायाशी रचलं जायचं आणि रात्री डुकरं ते नाल्यात ओढायची. चिकनवाले पुलाच्या दुसऱ्या बाजूनं टाकायला लागले.

कुसाबाईला हे बिलकिसनं सांगितलं. ती काठी टेकत, लंगडत जिना चढून आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "कुसा, तू देवी झालीस गं. मग मी कोण? तुझी धोबीण?"

"काय बडबडतेस?"

"जाऊन बघ. डोळे लावलेत तुला. चांदीचे. माझ्या मोतीबिंदूपेक्षा बरे आहेत."

दोघी खाली उतरल्या. कुसाबाई तिकडे कितीतरी वर्षांनी गेली असेल. पदराचा बोळा नाकावर दाबून ती देवीसमोर उभी राहिली आणि दगडाच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. कोपऱ्याचा टवका उडालेला होता. शेंदूर त्या खळग्यात साचून वाळला होता.

"हाऊ मना दगड शे," ती म्हणाली. राग आला की तिच्या तोंडात नामपूर यायचं.

रोहित दुकानातून धावत आला. त्याला वाटलं आजी दर्शनाला आल्यात. "नारळ आणू का आजी?"

"हा माझा धुण्याचा दगड आहे. माझ्या नवऱ्यानं बसवला होता."

रोहित हसला. "आजी, ही सीतामाईच्या वेळची जागा. वनवासात सीतामाईची वल्कलं धुवायला एक सेविका होती, तिचं नाव कुसा. फ्लेक्सवर सगळं लिहिलंय, घटस्थापनेला लागतोय."

"कुसा मी आहे."

"हो का?" रोहित म्हणाला. "असतं, एकेका नावाची दहा माणसं असतात."

बिलकिस पुढे झाली. "अरे बाळा, मी याच दगडावर गोधड्या आपटल्यात. तुझ्या सीतामाईला काय मी भेटले नाही कधी."

रोहितचा चेहरा पडला, पण तो हुशार होता. त्यानं वाकून कुसाबाईच्या पायांना हात लावला. "म्हणजे तुम्हीच? मग तर फारच भारी झालं आजी. जिवंत देवी. घटस्थापना तुमच्याच हातानं करू. इथं खुर्ची टाकतो, तुम्ही नुसतं बसायचं."

कुसाबाईनं पाय मागे घेतले. खुर्ची कुठं टाकणार ते तिनं बघितलं. तिथं एक फुगलेला डायपर आणि अर्धी साईबाबांची तसबीर पडली होती. "माझं नाव काढ," ती म्हणाली. "दगड ठेव, शेंदूर फास, काय वाट्टेल ते कर. नाव काढ. फ्लेक्सवर माझं नाव चढलं, तर मी मेल्यावरसुद्धा या घाणीतच राहीन."

"नाव काय माझ्या हातात आहे का आजी? बसस्टॉपवर पण तेच आहे. लोक म्हणतात ते नाव."

हे खरं होतं आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

रात्री तिनं गोरक्षला सांगितलं, तू चेअरमन आहेस, बोल त्या पोराशी. गोरक्षनं ताटावरून मान वर केली नाही. तो मंडळाचा खजिनदारही होता. "आई, पोरं चांगलं काम करतायत. आपण आडवं कशाला जायचं?"

"माझ्या नावानं उकिरडा झालाय, आणि चांगलं काम?"

"नाल्याच्या बाबतीत आपण जास्त बोलू नये," तो म्हणाला. स्नेहलनं त्याच्याकडे पाहिलं, मग पटकन भाजीचं पातेलं उचललं. कुसाबाईला ते दिसलं. अर्थ लागला नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कुसाबाई सकाळपासून मोरीत होती. नात तेजस्विनी शिकायला पुण्याला जाणार होती, तिच्यासाठी नवी गोधडी शिवायची होती. स्नेहलनं बाजारातून लाल कापड आणलं होतं, स्वस्तातलं, रंग सुटणारं. असलं कापड तसंच लावलं तर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी लाल होते. म्हणून ते आधी मिठाच्या पाण्यात भिजवून सुटा रंग काढून टाकायचा. कुसाबाईनं मोठ्या टबात कापड बुडवलं, तुडवलं, पाणी ओतलं. पुन्हा बुडवलं. मोरीच्या जाळीतून लालभडक पाणी गटगट आवाज करत जात होतं. तिसऱ्या पाण्याला रंग फिका झाला तेव्हा ती समाधानानं उठली.

कापड वाळत घालताना खालून आरडाओरडा ऐकू आला. घंटा वाजत होती. ती गॅलरीत आली आणि पहिल्यांदाच खाली बघितलं. पुलावर गर्दी होती आणि लोक चपला काढत होते.

जिन्यात बिलकिस भेटली, वरच येत होती. "चल लवकर. देवीच्या पायातून कुंकवाचं पाणी निघालंय म्हणे."

देवीच्या ओट्याखाली काठाच्या भिंतीत झुडपं माजली होती. त्या झुडपांतून लाल पाणी येत होतं आणि काळ्या पाण्यात लांब पट्टा ओढत चाललं होतं. रोहित हात जोडून उभा होता, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. दोन पोरं खाली उतरून बाटल्या भरत होती. बाटल्या वर येत होत्या, लोक तळहातावर घेत होते, डोळ्यांना लावत होते. एका बाईनं कडेवरच्या लेकराच्या कपाळाला लावलं आणि ओलं बोट त्याच्या ओठांवर टेकवलं. एक म्हातारा ओंजळ तोंडाशी नेत होता.

कुसाबाईला तो लाल ओळखता आला. हाच रंग तिच्या टाचांना लागलेला होता.

तिनं झुडपांकडे पाहिलं. झुडपांच्या मागे सिमेंटचा पाईप होता, पाईप भिंतीतून आला होता आणि भिंत त्यांच्या बिल्डिंगची होती. लाल पाण्यामागून फेस आला, आणि फेसामागून जे आलं ते बघून ती दोन पावलं मागे सरली. संडासाची आणि मोरीची लाईन एकच असते, हे गवंड्याच्या बायकोला सांगावं लागत नाही.

गोरक्ष गर्दीतच होता. दर्शनाची रांग लावत होता. आईच्या टाचा त्यानं बघितल्या आणि तो पांढरा पडला. जवळ येऊन तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाला, "आई, घरी चल."

"आपला पाईप आहे?"

"हळू बोल. टाकी तुंबली होती, तात्पुरता काढलाय."

"कधीपासून?"

वरच्या अंगाच्या सगळ्या बिल्डिंगांचे पाईप असेच होते, हे आता तिला झुडपाझुडपांतून दिसायला लागलं होतं.

"म्हणजे मी रोज नाकाला पदर लावते तो माझ्याच घराला," ती म्हणाली.

"आई, लोक चिडले तर सोसायटीवर दगड पडतील. आज गप्प बस. उद्या मी नाव काढायला लावतो, शपथ. फ्लेक्स बदलायला लावतो. तुला तेच पाहिजे ना?"

तेच पाहिजे होतं. गप्प बसलं की मिळणार होतं. तेवढ्यात तो म्हातारा ओंजळ प्याला आणि त्यानं ओले हात डोक्यावरून फिरवले. त्या बाईनं लेकराच्या ओठांवर पुन्हा बोट नेलं.

कुसाबाईनं पुढे होऊन तिचा हात धरला. "लावू नको त्याला. ते माझ्या गोधडीचं पाणी आहे."

बाईला कळेना. कुसाबाईनं परकराची कड वर केली, लाल टाचा दाखवल्या. मग तिचा तो जुना आवाज निघाला, ओहळाच्या दोन्ही काठांना ऐकू जायचा तो. "कुंकू नाही हे. कापडाचा रंग आहे. मी वरती कापड धुतलं, त्याचं पाणी. आणि त्याच्या मागून येतंय ते आमच्या बिल्डिंगच्या संडासाचं. थुंका ते तोंडातलं."

गर्दीत कुजबुज झाली. रोहित म्हणाला, "आजी, असं बोलू नये. देवीचं आहे."

"देवी मी आहे ना? तूच म्हणालास. मग ऐक. हे लाल आता जाईल, आणि थोड्या वेळानं निळं येईल. थांब इथं. बिलकिस, कुणाला पिऊ देऊ नको."

"कुणी प्यालं तर बुक्की घालते," बिलकिसनं सांगितलं आणि ती पाईपाच्या वर काठी आडवी धरून बसली.

कुसाबाई जिना चढली तेव्हा गुडघे दुखल्याचं तिला आठवलं नाही. घरात नीळ होतीच. पांढऱ्या साड्यांना ती अजून नीळ द्यायची. तिनं स्नेहलला विचारलं, अजून आहे का. स्नेहलनं फळीवरून नवी बाटली काढली, मग शेजारच्या घरातून एक आणली आणि दोन्ही बाटल्या बादलीत उलट्या केल्या. दोघींनी मिळून बादली मोरीत ओतली. वर दोन बादल्या साधं पाणी.

पुलावर सगळे पाईपाकडे बघत होते. आधी नुसतं गढूळ आलं. मग निळं आलं, एकदम, शाईसारखं दाट, आणि त्या निळ्यात तरंगत दुसरंही काही आलं, ते सगळ्यांनी बघितलं. लेकराच्या आईनं पदरानं पोराचं तोंड इतकं खसाखसा पुसलं, की ते रडायला लागलं. बाटलीवाल्या पोरांपैकी एक कडेला जाऊन ओकला. लोक थुंकत होते, डोळे धूत होते, चपला शोधत होते. तो म्हातारा मात्र हात जोडून "नीलकंठा" म्हणाला आणि खाली उतरायला लागला. बिलकिसनं त्याला काठी आडवी घातली.

मग गर्दी गोरक्षकडे वळली. चेअरमन कोण, पाईप कुणाचा, आम्हाला तुमचं पाजता का. कुणीतरी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. कुसाबाई परत आली तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. तिला त्याची दया आली नाही. दया आली पाहिजे होती, असं तिला नंतर रात्री वाटलं. पण त्या वेळी त्याच्या अंगाला येणाऱ्या अत्तराच्या वासालासुद्धा तिनं नाकाला पदर लावला.

फ्लेक्स लागला नाही. ज्या पाण्यानं लोकांना ओकारी आली त्या पाण्याची देवी बसवायला कुणी पुढे येईना. रोहितनं चांदीचे डोळे काढून नेले, ट्यूबलाईट काढून नेली. दगड तसाच उभा राहिला, पावसानं शेंदूर ओघळून त्याचा अर्धा काळा रंग पुन्हा दिसू लागला. सोसायटीची मीटिंग झाली. पाईप महापालिकेच्या लाईनला जोडायचं ठरलं, चहा झाला, पुढच्या मीटिंगची तारीख ठरली. पाईप अजून तिथंच आहे. चिकनवाले पुन्हा पुलाच्या अलीकडून टाकायला लागले, तिकडे लांब पडत होतं. गोरक्ष आईशी कामापुरतं बोलतो. कुसाबाई आता गोधडीचं पाणी मोरीत ओतत नाही. स्नेहल आणि ती बादल्या खाली उतरवतात आणि कुंपणातल्या गुलमोहराला घालतात. बाकीचं जातं तिथंच जातं. त्याला ती काय करणार.

दिवाळीनंतर ती बिलकिसला भेटून सिटी बसनं परत येत होती. झिपरूचं वळण गेलं. तिनं सवयीनं पदर सावरला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"चला, निळीचा नाला, पुढे या," कंडक्टर म्हणाला.

कुसाबाईनं मान वळवली. पाठीमागच्या सीटवरची कॉलेजची मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "निळीचा का गं?" मैत्रीण म्हणाली, "इथं म्हणे एकदा निळं पाणी आलेलं. श्रीकृष्ण वगैरे काहीतरी आहे."

पाटीवर अजून जुनंच नाव होतं, पण त्याच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. दार उघडलं. वास आत आला, तोच, तेवढाच. कुसाबाईनं पदराचा बोळा करून नाकावर दाबला, दांडा धरला आणि बाकीच्यांबरोबर त्या स्टॉपवर उतरली.